वायुकाय, वारा आणि वास्तू : उपाश्रयातील खेळत्या हवेचा इतिहास

जैन आगमांनी संसारी जीवांचे सहा निकाय सांगितले आहेत : पृथ्वीकाय, अप्काय, तेउकाय, वायुकाय, वनस्पतिकाय आणि त्रसकाय. वाऱ्याला अनेक परंपरांनी देव मानले, काहींनी पंचमहाभूतांपैकी एक मानले. जैन दर्शनाने मात्र वायू हेच ज्यांचे शरीर आहे अशा एकेंद्रिय जीवांचा विचार केला आणि त्यांच्या रक्षणाचा आचारधर्म घालून दिला. आचारांगसूत्राच्या पहिल्याच अध्ययनात, ‘शस्त्रपरिज्ञे’त, इतर निकायांबरोबर वायुकायाच्या हिंसेचा विचार आला आहे. दशवैकालिक सूत्राच्या चौथ्या अध्ययनात तर साधू-साध्वींनी पंख्याने, पानाने, फांदीने, वस्त्राने, हाताने अथवा तोंडाच्या फुंकरीने वारा घालू नये, दुसऱ्याकडून घालवून घेऊ नये आणि घालणाऱ्यास अनुमोदनही देऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे.

या आचारातून एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. ज्या वास्तूत पंखा फिरणार नाही, त्या वास्तूत हवा कशी खेळणार? ती आपोआप यावी लागेल आणि आपोआप बाहेर जावी लागेल. म्हणजेच पंख्याचे काम भिंतीने, खिडकीने, छपराने आणि अंगणाने करावे लागेल. आज ज्याला ‘नैसर्गिक वायुवीजन’ म्हणतात आणि ज्यावर देशोदेशीच्या प्रयोगशाळांत संशोधन चालते, तो विषय जैन समाजाच्या दृष्टीने धर्माचरणाशी जोडलेला आहे. अनेक संघांमध्ये जुन्या उपाश्रयांच्या नूतनीकरणाचा विचार सुरू असताना या विषयाचा इतिहास जाणून घेणे उचित ठरेल.

सोपाऱ्याची प्राचीन भूमी

वसई तालुक्यातील सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक, हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरूड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन करून बौद्ध स्तूप उजेडात आणला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही येथेच सापडला. जैन परंपरेतही या नगरीला आदराचे स्थान आहे. बारा वर्षांच्या दुष्काळाच्या अखेरीस आर्य वज्रसेनसूरी सोपारक नगरीत आले, तेथील जिनदत्त श्रेष्ठींच्या कुटुंबास त्यांनी धीर दिला आणि पुढे श्रेष्ठींच्या नागेंद्र, चंद्र, निवृत्ती व विद्याधर या चार पुत्रांनी दीक्षा घेऊन चार कुलांची परंपरा सुरू केली, असे परंपरा सांगते.

अर्थ असा की, साधू भगवंतांचा विहार आणि मुक्काम या भूमीला नवा नाही. समुद्राचा दमट वारा, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि आश्विनातील घामाच्या धारा यांना तोंड देत, पंख्याविना, त्यागी आत्म्यांनी येथे काळ व्यतीत केला. बावीस परीषहांमध्ये उष्ण परीषहाची गणना आहेच. साधू तो समभावाने सहन करतात. परंतु त्यांची सहनशीलता हे श्रावकांनी कोंदट वास्तू उभारण्याचे निमित्त होऊ शकत नाही. शिवाय साधूंसाठी खास बांधलेली वास्तू त्यांना कल्पत नाही. उपाश्रय हे श्रावक-श्राविकांच्या सामायिक, प्रतिक्रमण आणि पौषधासाठीचे स्थान आहे, आणि सामायिक-पौषधात बसलेल्या श्रावकालाही पंख्याचा आधार घेता येत नाही. खेळती हवा म्हणूनच सर्वांचीच गरज आहे.

कोकणातील घर आणि मरुभूमीतील घर

वसई-विरार परिसरातील जैन कुटुंबांपैकी अनेकांची मुळे राजस्थान, गुजरात आणि कच्छमध्ये आहेत. तेथील घरबांधणीचे शहाणपण कोरड्या हवेतून जन्मलेले होते. जाड भिंती, लहान खिडक्या, दगडी जाळ्या, झरोके आणि मधोमध चौक हे त्याचे विशेष. दिवसा बाहेरची हवा तापलेली असते, म्हणून घर बंद ठेवावयाचे. रात्री आकाश निरभ्र असते, त्या वेळी चौकातून उष्णता वर निघून जाऊ द्यावयाची. अहमदाबादच्या पोळांमधील हवेल्यांत हीच युक्ती दिसते. तापलेली हवा हलकी होऊन चौकातून वर जाते आणि तिच्या जागी सावलीतील थंड हवा खोल्यांमधून ओढली जाते.

कोकणचे गणित याहून वेगळे आहे. येथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फारसा फरक नसतो, त्यामुळे जाड भिंतीचा लाभ मर्यादित राहतो. हवेत बाष्प भरपूर असल्याने अंगावरचा घाम लवकर वाळत नाही. येथे सुख मिळते ते अंगावरून वारा वाहिला तरच. म्हणून कोकणातील जुन्या घरांना ओटी आणि पडवी असे, छपराला मोठा उतार असे, छपराचे पाखे भिंतीच्या पुढे बरेच आलेले असत आणि भिंत व छप्पर यांच्या मधल्या फटीतून तापलेली हवा निघून जाई. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. वसईच्या केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांमधील घरांना झाडांची सावलीही लाभत असे.

मरुभूमीतील घर वाऱ्याला अडवून गारवा राखते आणि कोकणातील घर वाऱ्याला वाट देऊन गारवा मिळवते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्यच आहेत. पूर्वजांच्या हवेलीची शोभा वसईत आणावयाची असेल तर जरूर आणावी, पण त्या हवेलीची लहान खिडकी येथे आणली तर ती कोंदट वाटल्यावाचून राहणार नाही.

प्लेगने शिकविलेला धडा

इमारतीतील हवा हा सरकारी कायद्याचा विषय कसा झाला, हे पाहण्यासाठी मुंबईच्या प्लेगकडे वळावे लागते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा आणि व्यापाऱ्यांचा गजबजलेला भाग. रोग घाणीतून आणि दूषित हवेतून पसरतो अशी त्या काळी अनेकांची समजूत होती. त्यामुळे प्लेगच्या अधिकाऱ्यांनी अंधाऱ्या घरांची कौले उतरविली, भिंतींना भोके पाडली आणि कित्येक घरे राहण्यास अयोग्य ठरविली. १८९८ साली पॉल-लुई सिमों यांनी उंदीर आणि पिसवांच्या मार्गाने प्लेग पसरतो हे दाखवून दिले. म्हणजे भिंतींना पाडलेली भोके प्लेगवरचा खरा उपाय नव्हती. तथापि त्या निमित्ताने उजेड आणि हवा यांचे महत्त्व नगररचनेत कायमचे रुजले आणि क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या बाबतीत ते अचूक ठरले.

१८९८ सालीच मुंबई सुधार ट्रस्टची स्थापना झाली. समुद्रावरचा वारा शहराच्या दाट वस्तीत शिरावा, या हेतूने ट्रस्टने पूर्व-पश्चिम रुंद रस्ते काढले. कापडबाजाराच्या पेठेनजीकचा प्रिन्सेस स्ट्रीट हा त्यांपैकीच एक. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास मुंबईतील घरांच्या उजेड-हवेचा प्रश्न नेटाने मांडला आणि साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुरस्कारिला. नियमाचे सार सोपे आहे. तळमजल्याच्या खोलीतून समोर साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात पाहिले असता मोकळे आकाश दिसले पाहिजे. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर समोरच्या इमारतीची उंची जितकी, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये असली पाहिजे. इमारत साठ फूट उंच असेल तर मध्ये तीस फूट जागा हवी. शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी हा हिशेब जुना झालेला नाही.

प्रयोगशाळेतील वारा

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, रुरकी येथे केंद्रीय भवन संशोधन संस्थेचा प्रारंभ झाला. भारतीय घरांत वारा कसा वाहतो आणि भारतीय माणसाला कोणत्या परिस्थितीत सुखावह वाटते, याचा पद्धतशीर अभ्यास तेथे झाला. १९८६ साली एम. आर. शर्मा आणि शराफत अली यांनी ‘उष्णकटिबंधीय उन्हाळी निर्देशांक’ मांडला. तापमान, हवेतील बाष्प आणि वाऱ्याचा वेग या तिन्हींचा माणसावर होणारा एकत्रित परिणाम एका आकड्यात सांगण्याचा हा प्रयत्न होता. त्यांच्या सूत्रानुसार हा निर्देशांक २५ ते ३० अंशांच्या दरम्यान असला की भारतीय माणसास सुख वाटते. स्थिर हवेच्या तुलनेत सेकंदाला एक मीटर वेगाचा वारा अंगावरून वाहू लागला तर जाणवणारी उष्णता सुमारे दोन अंशांनी कमी होते. एवढा वारा म्हणजे मंद झुळूकच. दोन अंशांचा हा लाभ विजेवाचून मिळतो.

भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेत या प्रकारच्या संशोधनाचे सार उतरले आहे. त्यातील काही निष्कर्ष प्रत्येक विश्वस्त मंडळाने ध्यानात ठेवावेत असे आहेत. हवा आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या सर्व खिडक्यांचे मिळून क्षेत्रफळ खोलीच्या क्षेत्रफळाच्या २० ते ३० टक्के असेल, तर बाहेरच्या वाऱ्याच्या सुमारे ३० टक्के वेग आत मिळतो. खिडक्या आणखी मोठ्या केल्या तरी त्या प्रमाणात वेग वाढत नाही आणि अत्यंत अनुकूल परिस्थितीतही तो बाहेरच्या वेगाच्या ४० टक्क्यांपलीकडे जात नाही. याचा अर्थ, केवळ मोठी खिडकी काढून भागत नाही. हवा आत शिरण्याइतकीच ती बाहेर पडण्याची वाटही असली पाहिजे. एकाच भिंतीला खिडकी असलेली खोली म्हणजे एकच तोंड असलेली पिशवी होय.

दुसरा निष्कर्ष उपाश्रयाच्या दृष्टीने अधिकच मोलाचा आहे. खिडकीचा खालचा काठ किती उंचीवर असावा, हे माणूस कसा बसतो यावर ठरते. खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी तो जमिनीपासून ०.७५ मीटरवर, पलंगावर बसणाऱ्यांसाठी ०.६० मीटरवर आणि जमिनीवर बसणाऱ्यांसाठी ०.४० मीटरवर असावा, असे संहिता सांगते. सामायिकाचे कटासणे जमिनीवर अंथरले जाते. कटासण्यावर बसलेल्या श्राविकेच्या अंगाला वारा लागावा असे वाटत असेल, तर खिडकी जमिनीपासून जेमतेम सव्वा-दीड फुटावर सुरू झाली पाहिजे. शाळेच्या वा कचेरीच्या नकाशाप्रमाणे तीन-साडेतीन फुटांवर खिडकी बसविली, तर वारा डोक्यावरून निघून जातो.

सुखाचे तापमान कोणते?

१९७० साली डेन्मार्कचे ओल फँगर यांनी माणसाच्या उष्णतेच्या सुखाचे गणिती सूत्र मांडले. बंदिस्त, यंत्राने थंड केलेल्या इमारतींसाठी ते जगभर वापरले गेले. पुढे इंग्लंडमधील मायकेल हम्फ्रीज व फर्गस निकोल आणि नंतर रिचर्ड डी डिअर व गेल ब्रेगर यांनी दाखवून दिले की, उघड्या खिडक्यांच्या इमारतीत राहणारी माणसे ऋतुमानाशी जुळवून घेतात आणि पुष्कळ अधिक उष्णतेतही सुखात राहतात. हैदराबादच्या सदनिकांत २००८ साली माधवी इंद्रगंटी यांनी केलेल्या पाहणीत लोकांना सुमारे २६ ते ३२.५ अंशांपर्यंतचे तापमान सुखावह वाटत असल्याचे आढळले.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच शहरांतील १६ कार्यालयीन इमारतींची पाहणी करून २०१४ साली भारतासाठी असेच एक प्रतिमान सिद्ध केले आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्याला स्थान मिळाले. त्यानुसार मागील तीस दिवसांचे बाहेरचे सरासरी तापमान २९ अंश असेल, तर उघड्या खिडक्यांच्या इमारतीत सुमारे साडेअठ्ठावीस अंश तापमान माणसाला अगदी योग्य वाटते. अठरा-वीस अंशांवर यंत्र चालवून शाल पांघरून बसण्याची जी रीत पडली आहे, तिला शास्त्राचा आधार नाही. १ जानेवारी २०२० पासून देशात घरगुती वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवण्याचा नियम लागू झाला, त्यामागेही हाच विचार होता.

वस्त्राचाही या शास्त्रात हिशेब आहे. १९४१ साली अमेरिकेत वस्त्रांची ऊब मोजण्यासाठी ‘क्लो’ हे एकक ठरविण्यात आले. सुटाबुटातील माणूस एकवीस अंशांत आरामात बसतो, ती ऊब म्हणजे एक क्लो. पूजेच्या धोतर-उपरण्याची ऊब याहून पुष्कळच कमी. भारतीय साडीवरही संशोधन झाले असून, एकच साडी नेसण्याच्या आणि पदर घेण्याच्या पद्धतीनुसार कमी-अधिक ऊब देते असे दिसून आले आहे. सैल, सुती, श्वेत वस्त्रांची परंपरा दमट हवेतही टिकली, त्यामागे व्यवहाराचे शहाणपण होते.

इमारतींमधील अंतर आणि क्षयरोग

खेळती हवा हा केवळ सुखाचा विषय नाही. मुंबईतील गोवंडी-मानखुर्द भागातील तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी ‘डॉक्टर्स फॉर यू’ संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांसह केली. २०१८ साली तिचे निष्कर्ष पुढे आले. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड येथे क्षयरोगाचे प्रमाण पीएमजीपी वसाहतीपेक्षा कितीतरी अधिक आढळले. पहिल्या दोन ठिकाणी इमारती एकमेकींस अगदी खेटून, सुमारे तीन मीटर अंतरावर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर ना ऊन पोहोचते ना वारा. सात मजली इमारतीची उंची २१ मीटर धरली, तर ऑर यांच्या हिशेबाने मध्ये साडेदहा मीटर जागा हवी होती. पुनर्वसनासाठी नियमांत दिलेल्या सवलतींनी ती जागा गिळली. १९१२ सालच्या नियमाकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत एकविसाव्या शतकातील कुटुंबांनी मोजली.

२०२०-२१ च्या कोरोना साथीने हाच धडा साऱ्या जगाला दिला. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये इमारतींच्या वायुवीजनाविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने दारे-खिडक्या उघडून हवा खेळती ठेवण्याचा सल्ला दिला आणि खोलीतील वास जसा विरून जातो तसे विषाणूही विरतात, असे समजावून सांगितले. धुपाचा सुगंध किती वेळात निघून जातो, हे पाहून कोणत्याही वास्तूची परीक्षा करता येते.

वसई-विरारचे बदलते रूप

१९९० साली वसई-विरार उपप्रदेशाच्या नियोजनाची जबाबदारी सिडकोकडे आली. २००९ साली महानगरपालिका स्थापन झाली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर पोहोचली होती. वाड्या, मिठागरे आणि भातखाचरे यांच्या जागी इमारती आल्या. ओटी-पडवीचे घर गेले आणि सदनिका आली. पडवीचा सज्जा झाला, सज्जा काचेने बंद होऊन खोलीत सामावला गेला. कौलांच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला. तो दिवसभर तापून रात्री खोलीत उष्णता सोडतो. दुपारी समुद्रावरून येणारा वारा पूर्वीसारखाच येतो, परंतु पहिल्या रांगेतील इमारतींना थडकून तो मागच्या गल्लीत पोहोचेपर्यंत मंदावतो.

उपाश्रयासाठी विचार

उपाश्रयात सर्वाधिक गर्दी आणि सर्वाधिक मुक्काम असतो तो चातुर्मासात. आषाढापासून कार्तिकापर्यंतचा हा काळ वसईत सर्वांत दमट असतो. नैऋत्येकडून वारा येतो, पण त्याच्याबरोबर पाऊसही आत येतो. म्हणून खिडक्या बंद होतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी हवा थांबते. पाऊस सरल्यावर आश्विनातील ऊन तापते. पर्युषणात तपस्वी बसलेले असतात, वृद्ध श्रावक पौषधात असतात आणि पंखा कोणाच्याच माथ्यावर फिरत नसतो.

यावर उपाय आहेत आणि ते फारसे खर्चिक नाहीत. नैऋत्य व पश्चिम बाजूस खोल छज्जा किंवा पडवी असावी, म्हणजे पावसातही खिडकी उघडी ठेवता येते. बाहेरच्या बाजूस उतरत्या, स्थिर झडपा बसविल्या तर पाणी अडते आणि वारा आत येतो. समोरासमोरच्या भिंतींना खिडक्या असाव्यात आणि त्यांचा खालचा काठ बसलेल्या माणसाच्या उंचीशी जुळावा. छताजवळ झरोके ठेवल्यास तापलेली हवा निघून जाते. गच्चीवर पांढरा लेप किंवा सावलीचे दुसरे छप्पर दिल्यास स्लॅब तापत नाही. वाऱ्याची दिशा खिडकीच्या सरळ रेषेपासून तीस अंशांपर्यंत कलली तरी लाभ घटत नाही, असे इमारत संहिताच सांगते. त्यामुळे भूखंड वेडावाकडा असल्याची सबब पुरेशी नाही. डास व कबुतरे यांच्यासाठी लावलेल्या जाळ्या जयणेच्या दृष्टीने आवश्यकच आहेत. मात्र धुळीने भरलेली जाळी ही भिंतच होते, म्हणून तिची प्रमार्जना नियमित व्हावी.

वातानुकूलन यंत्र बसविण्याचा आग्रह आज अनेक ठिकाणी होतो. आग्रह करणाऱ्यांची तळमळ खोटी नाही. वृद्धांना उकाडा सोसवत नाही हेही खरे. परंतु यंत्रासाठी वास्तू बंद करावी लागते, आणि एकदा बंद केलेली वास्तू यंत्राविना वापरताच येत नाही. ज्यांना यंत्र कल्पत नाही, अशा साधू-साध्वींसाठी आणि पौषधधारींसाठी ती वास्तू त्या क्षणी निरुपयोगी होते. ज्यांच्या आराधनेसाठी उपाश्रय बांधला, त्यांनाच तो परका होणे हा समाजाचा फार मोठा तोटा ठरेल. म्हणून नूतनीकरणाचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी गुरुभगवंतांचे मार्गदर्शन घ्यावे आणि वास्तुविशारदास पहिला प्रश्न असा विचारावा : वीज नसेल त्या दिवशी या सभागृहात दोनशे माणसे किती वेळ शांतपणे बसू शकतील?

वारा कोणाच्या मालकीचा नाही आणि त्याचे बिलही येत नाही. त्याला वाट ठेवणे एवढेच माणसाच्या हाती आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी पै-पै जमवून धर्मस्थाने उभारली, त्यांनी पुढच्या पिढीसाठी भिंतींबरोबर मोकळी जागाही राखली होती. ती मोकळी जागा बांधकामाखाली न जाऊ देणे आणि ती वाट बंद न होऊ देणे, हे पुढील पन्नास वर्षांचे कर्तव्य आहे.

जैनम् जयति शासनम्।